आरसा, बोटं आणि आरोग्यसेविकेचा हात

सांगलीतल्या विश्रामबागेहून मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल फार लांब नाही. लांबते ती पहिली पायरी: ‘दुखत नाही ना, मग बघू दिवाळीनंतर.’ स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. घोळ तिथेच होतो.

आरशासमोर स्वतःला तपासा, हा सल्ला सोपा वाटतो. पण शांघायच्या कापडगिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २००२ मध्ये आला. निम्म्या जणींना नीट शिकवूनही मृत्यू घटले नव्हते; साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वेगळी वाट धरली. दीड लाखांवर स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. सर्व वयांत मिळून फरक ठाम नव्हता, पण २०२१ च्या अहवालात पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले.

मग बोटं वापरूच नयेत? जरूर वापरावीत. पाळीनंतर काही दिवसांनी, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, थेट काखेपर्यंत. (चिमटीत धरलं तर निरोगी स्तनही गाठाळ लागतो.) मागणी मात्र उपकेंद्रातल्या शिकलेल्या हातांची हवी, आणि ती वर्षभर, महिला दिनाच्या शिबिरापुरती नव्हे.