शेतीशाळा बांधावर, मग पोरांची शाळा मोबाईलवर का?



आधी शिवाराची नोंद. यंदा मे संपायच्या आतच मान्सून उतरला आणि राबाच्या जमिनीला वाफसा मिळालाच नाही. धूळवाफेवरची पेर बऱ्याच जणांची राहिली. ज्यांनी चिखलात मोड आलेलं बी टाकलं, त्यांची रोपं आत्ता कुठं बोटभर झालीत. लावणी लांबणार. त्यावर पुढच्या नोंदीत लिहितो.

आज वेगळं लिहायचंय. १६ जूनला शाळा उघडल्या. आणि हल्ली शाळेचा विषय निघाला, की बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच, "आता शिकायला काय लागतं? सगळं मोबाईलवर मिळतं." शिकलेसवरलेले लोक म्हणतात, पुढारी म्हणतात, टॅब विकणारा तर म्हणणारच. या वाक्याला मी सरळ खोटं म्हणतो. का, ते सांगतो.

२०२० आठवा. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. रायगड झोडपून काढला. दक्षिण रायगडात आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, खांब आडवे, घरांवर पत्रे नाहीत. आणि १५ जूनला नवीन वर्ष ऑनलाईन सुरू झालं! घरात दिवा नाही, अन् पोराला म्हणे पीडीएफ उघड. करोना होता, शाळा बंद ठेवणं भाग होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती अडचणीतली सोय होती. त्या सोयीलाच आता शिक्षण म्हणायला लागलेत, तक्रार त्याची आहे.

तेव्हा माझी मुलगी नववीत, मुलगा चौथीत. घरात चालता फोन एक. लावणीचे दिवस. मजुराला फोन, टिलरवाल्याला फोन, खताच्या दुकानात फोन. फोन माझ्याबरोबर खाचरात, आणि तास सकाळी अकराला. मी संध्याकाळी घरी आलो की मुलगी ग्रुपवरचे चाळीस-पन्नास मेसेज बघत बसायची. तोवर सरांचा तास होऊन गेलेला. प्रश्न विचारायचा कुणाला? सरांनाही दोष देत नाही. त्यांनाही समोर पोर दिसत नव्हतं.

आम्ही तर स्टेशनजवळचे, आमच्याकडं रेंज तरी होती. डोंगराकडच्या ठाकर, कातकरी वाड्यांवर काय होतं? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कुटुंब पोरासाठी कुठला फोन ठेवणार होतं? सिंधुदुर्गात एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, पेपरात फोटो आला, सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही तिचं कौतुक आहे. पण शिकायला पोरीला भर पावसात डोंगरावर बसावं लागतं, यात व्यवस्थेनं मान खाली घालायला हवी होती. आपण टाळ्या वाजवल्या.

२०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेचं मूल्यमापन धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. एवढं पीक कुठल्या शेतात येतं का हो? पुढं अकरावीत, आयटीआयमध्ये गेल्यावर किती पोरांना साधा भागाकार अडला, ते तिथल्या शिक्षकांना विचारा.

आता कोणी म्हणेल, हा माणूस मोबाईलच्या विरोधात आहे. अजिबात नाही. हे पान मी मोबाईलवरच लिहितो. हवामान बघतो, बाजारभाव बघतो, ई-पीक पाहणी स्वतः करतो. चांगलं ते चांगलंच म्हणायचं. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायचं. त्याला रिचार्ज नको, नवीन फोन नको. माझा मुलगा त्यातून शिकला. ज्यानं ते योजलं त्याला गरिबाचं घर माहीत होतं.

सोलापुरातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी बघा. पुस्तकात क्यूआर कोड त्यांनी आणला, २०२० ला त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला. लोक कोड लक्षात ठेवतात. मी म्हणतो, गुरुजी लक्षात ठेवा. ते जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेत रोज पोरांसमोर उभे होते, म्हणून तो कोड चालला. आपल्या शेजारी शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं डिजिटल शाळा म्हणून नाव झालं. तिथंही आधी धडपड्या शिक्षक होता, टॅब मागून आले. उलट कुठं झालंय? टॅब आधी आला आणि त्यातून शिक्षक उगवला, असं एक गाव मला दाखवा.

या पानावर कृषी खात्यातले, विद्यापीठातले बरेच जण आहेत. त्यांना माझा सरळ सवाल आहे. तुम्ही शेतीशाळा कुठं भरवता? बांधावर. पंचवीस-तीस शेतकरी गोळा करता, पेरणीपासून काढणीपर्यंत पुन्हापुन्हा त्याच प्लॉटवर नेता. का नेता? व्हिडिओ पाठवून भागलं नसतं?

भागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. भात पिवळं पडलं म्हणून शेतकरी फोटो पाठवतो. फोटोत पान पिवळं, एवढंच दिसतं. नत्र कमी आहे, जस्त कमी आहे, पाणी साचून मूळ गुदमरलंय, की तुडतुडे लागलेत? चुडात हात घालून तो फाकवावा लागतो आणि पाण्यालगत बुडाशी बघावं लागतं. तुडतुडा तिथं बसलेला असतो. वरून फवारलं तर औषध पानावर, कीड बुडाशी.

पोराचं असंच आहे. वरून उत्तर बरोबर दिसतं. अडलंय कुठं, ते समोर बसून बुडाशी बघणारा माणूस लागतो. शेतकऱ्याला शिकवायला तुम्ही बांधावर येता, आणि शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला ॲप पुरेल असं म्हणता, हा कुठला न्याय?

हल्लीचं तर आणखी पुढचं. माझा मुलगा आता नववीत. गणिताचा फोटो काढायचा, फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो. वही सुंदर भरलेली. मी दहावी पास माणूस. त्याला म्हटलं, फोन ठेव बाजूला. भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस. आपलं खाचर दहा गुंठ्यांचं, म्हणजे हेक्टरचा दहावा भाग धर. युरियात नत्र ४६ टक्के. युरिया किती लागेल? गप्प. शेकडेवारीची उदाहरणं त्या वहीत पानंच्या पानं सोडवलेली होती.

मग दोघं ओट्यावर बसलो. दहा किलो नत्र हवं. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र, तर दहा किलोसाठी किती? अर्ध्या तासानं त्याचं त्यानं काढलं, पावणेबावीस किलो. त्यातला चाळीस टक्के लावणीच्या वेळी, तो किती? पावणेनऊच्या आसपास. दुसऱ्या दिवशी १५:१५:१५ चं विचारलं तर ते त्यानं एकट्यानं केलं. फोननं हेच उत्तर क्षणात दिलं असतं. पण ते फोनकडंच राहिलं असतं.

आता विकणाऱ्यांचं. मागं एका अभ्यासाच्या कंपनीचा पोरगा दारात आला. टॅब, तीन वर्षांचा कोर्स, सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर, हप्त्यानं. "काका, मुलाच्या भविष्यापेक्षा पैसा मोठा का?" असं विचारून तो बसला. मी त्याला हिशेब दाखवला. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. चाळीस हजार म्हणजे सतरा क्विंटलच्या वर भात. आमच्याकडं एका एकराचं अख्खं पीक, खर्च न वजा करता. आणि पोराला अडलं तर उत्तर द्यायला कोण? "चॅटवर विचारायचं." चहा पाजून वाटेला लावला. बापाच्या काळजीवर धंदा करणारे आणि बोगस बियाणं विकणारे यांच्यात मला फार फरक दिसत नाही.

हे नुसतं आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं. २०२३ ला सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, समूह शाळा करायच्या म्हणून. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढं केली. वाडीवरची शाळा लांब गेली की सगळ्यात आधी मुलगी घरी बसते, मग कातकऱ्याचं पोर. आणि शाळा हलवताना लोकांना गप्प करायला हेच वाक्य कामाला येतं, "सगळं मोबाईलवर मिळतं." म्हणून ते वाक्य मला साधं वाटत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखाली आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत, असं आहे. त्यात रेंज किती हवी ते कुठं लिहिलेलं नाही. युनेस्कोनं २०२३ च्या अहवालात सांगितलं, की तंत्रज्ञान शिक्षकाच्या जागी बसवू नका. स्वीडनसारखा पैसेवाला देश त्याच वर्षी छापील पुस्तकांसाठी शाळांना वेगळा पैसा द्यायला लागला. ज्यांनी हे आधी करून बघितलं ते मागं फिरताहेत, आणि आपण त्यांची जुनी वाट धरायची?

मंडळी, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तो आपला हक्क आहे, सही करून चहा पिण्यापुरता नाही. या महिन्याच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी विचारून इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या शाळेत मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? शाळेत आलेले टॅब, टीव्ही चालू आहेत का, वीजबिल कोण भरतं? आणि घरच्या मोबाईलवरचा अभ्यास सक्तीचा असेल, तर ज्याच्याकडं फोन नाही त्या पोराचं काय?

लावणीची घाई आहे, कळतं मला. पण रोपाचं वय निघून गेलं की लावणी करून उपयोग नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पोरांचं वयही थांबत नाही.

तुमच्या गावच्या शाळेत शिक्षक किती, पट किती, खाली लिहा. आकडे लिहा. आकडे असले की बोलता येतं.