‘दक्षिणा’ आणि ‘मानधन’ : देण्याच्या शब्दांतील हक्काचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अव्वल इंग्रजीच्या प्रकरणात दक्षिणा प्राइझ कमिटीचे नाव हटकून येते. कमिटीने कोणत्या ग्रंथांना उत्तेजन दिले, त्यांपैकी स्वतंत्र किती व भाषांतरित किती, याची चर्चा होते. मात्र ज्या शब्दावरून त्या पारितोषिकाला नाव मिळाले, तो ‘दक्षिणा’ हा शब्द ‘दान’ या शब्दाचा पर्याय म्हणून सहसा स्वीकारला जातो. हा स्वीकार तपासून पाहण्याजोगा आहे.

धर्मशास्त्रात दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. त्यात घेणाऱ्याने काही काम केलेले असण्याची अट नाही. दक्षिणेचे तसे नाही. मीमांसकांनी यज्ञातील दक्षिणेला ‘परिक्रय’ मानले. म्हणजे ऋत्विजांचे श्रम ज्या द्रव्याने मिळवायचे, ते द्रव्य. सत्रात ऋत्विज स्वतःच यजमान असतात, म्हणून तेथे दक्षिणा नाही, ही व्यवस्था या दृष्टीने बोलकी आहे. दक्षिणेवाचून कर्म पुरे होत नाही, ही समजूतही तिच्या देयतेचीच खूण होय. दान हा दात्याचा गुण आहे. दक्षिणा ही यजमानावरील बाकी आहे.

तथापि, रूढीत याच शब्दाला दुसरा पदर सुटला. कर्माच्या अखेरीस उपस्थित ब्राह्मणांना वाटली जाणारी ‘भूयसी दक्षिणा’ ही केलेल्या कामाशी बांधलेली नसते. विड्यावर ठेवलेल्या दक्षिणेतही मोबदल्यापेक्षा सत्काराचा भाग अधिक. तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आलेली आणि पुण्यास रमण्यात वाटली जाणारी श्रावणमासातील दक्षिणा या दुसऱ्या अर्थाचा राजकीय विस्तार होय. तेथे विद्वत्तेची परीक्षा होती, हे खरे. परंतु देणारे सरकार आणि घेणारा आश्रित, हे नाते त्यामुळे बदलले नाही. देय रक्कम कृपेच्या रूपात दिसू लागली, ती येथे.

१८१८ नंतर कंपनी सरकारने ही प्रथा एकदम मोडली नाही. १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेस याच द्रव्याचा आधार मिळाला. १८४९ साली लोकहितवादी प्रभृतींनी अर्ज करून दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, अशी मागणी केली, आणि १८५१ मध्ये कमिटी अस्तित्वात आली. या अर्जाचे महत्त्व केवळ भाषिक नाही. दक्षिणा जन्माने नव्हे, तर कामाने मिळावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे शब्दाचा मूळचा अर्थच नव्या क्षेत्रात परत येऊ पाहत होता. तो पूर्णपणे आला नाही, हे १८५५ च्या घटनेवरून दिसते. जोतीराव फुले यांनी त्या वर्षी कमिटीकडे दिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक स्वीकारले गेले नाही. कमिटीतील भटसभासदांच्या आग्रहामुळे तसे झाले, असे त्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदविले. द्रव्य सार्वजनिक झाले, परंतु पात्रापात्रतेचा निर्णय जुन्याच हातांत राहिला, हा त्या तक्रारीचा मथितार्थ होय.

आज ‘दक्षिणा’ हा शब्द धर्मकृत्यांत उरला आहे आणि कचेरीतील लाचेला उपरोधाने लावला जातो. लेखकाच्या, वक्त्याच्या व परीक्षकाच्या व्यवहारात त्याची जागा ‘मानधन’ या शब्दाने घेतली आहे. दक्षिणेचे दोन्ही पदर या शब्दात उतरले आहेत : धन कामाचे, पण देण्याची भाषा मानाची. एखाद्या व्याख्यानापुरता हा संकोच शोभून दिसतो. परंतु तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या मिळकतीला जेव्हा मानधन म्हटले जाते, तेव्हा शब्द सौजन्याचा राहत नाही. मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. वेतन मागता येते. अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचे मानधन ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते वेतनच ठरविले. शब्दामागील व्यवहार न्यायालयाला उलगडून पाहावा लागला, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

विद्येचा मोबदला उघडपणे सांगितल्याने विद्येचा अवमान होतो, असा आक्षेप यावर येऊ शकेल. परंतु परिक्रय म्हटल्याने यज्ञाचे पावित्र्य उणावते, असे मीमांसकांना वाटले नव्हते. सबब ‘दान’, ‘दक्षिणा’, ‘पारितोषिक’, ‘मानधन’ हे शब्द औदार्याच्या एकाच सदरात घालणे सोडून, प्रत्येक शब्द घेणाऱ्याला मागण्याचा अधिकार देतो की नाही, या कसोटीवर त्यांची अर्थनोंद झाली पाहिजे. वाङ्मयेतिहासातील ‘आश्रय’ या संकल्पनेचा फेरविचारही तेथूनच सुरू करावा लागेल.