अंजन आणि अभ्यास

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने काव्यहेतूंवर निबंध वाचला. निबंध बेताचाच होता, पण तिचा स्वतःचा होता. तिच्या पापण्यांवर आयलायनरच्या दोन रेघा होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पंखासारख्या वर गेलेल्या आणि एकमेकींशी मुळीच न जुळणाऱ्या. एक कानाकडे निघालेली, दुसरी भुवईकडे. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘‘आरशापुढे घालवलेला वेळ पुस्तकापुढे घालवला असता तर!’’ सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची ही उशिरा घेतलेली झडती आहे.

प्रसाधनासारखा विषय वाङ्मयीन चर्चेत आणला म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपण त्या मुलीच्या नटण्याला हसलो नाही. तिचे शिकणे दिसले म्हणून हसलो. दोन्ही रेघा नेमक्या जुळल्या असत्या तर कुणाचे तिकडे लक्षही गेले नसते. आपल्याला सौंदर्य हवे असते, त्यामागची खटपट मात्र दिसलेली खपत नाही. आणि जो वर्ग खटपटीला हसतो, तो वर्ग लेखन शिकवू शकत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मी ती रेघ काढायला बसले. प्रथम कुतूहलाने, मग हट्टाने. काजळ घालता येते म्हणजे हेही येईल, हा भ्रम पहिल्याच दिवशी फिटला. काजळ पापणीच्या आतल्या कडेला बसते आणि थोडे पसरले तरी शोभते. लायनर बाहेरच्या कातडीवर उमटतो. तिथे चूक लपत नाही. मी द्रवरूप लायनर आणला होता, ही नवशिक्याची ठरलेली चूक. पेन्सिल पुष्कळ सांभाळून घेते, जेल त्याहून कमी, द्रव जवळजवळ नाहीच. कातडी कानाकडे ताणून काढलेली रेघ बोट सोडताच वाकडी होते. मिटल्या डोळ्यावर काढलेली रेघ डोळा उघडल्यावर निराळीच निघते. पापणी वयाने थोडी उतरली असेल तर पंखाचा निम्मा भाग घडीत गडप होतो. त्यात चाळिशीचा चष्मा : काढला तर आरशातले दिसत नाही, घातला तर हात डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

हळूहळू पद्धत कळली. भिंग असलेला आरसा घ्यावा, कोपर टेबलावर टेकावे, नजर सरळ ठेवावी. खालच्या पापणीची कड भुवईच्या टोकाच्या दिशेने वाढवली तर कुठे जाईल याचा अंदाज घेऊन तिथे एक ठिपका ठेवावा. आधी दोन्ही बाजूंचे ठिपके जुळवावेत, मगच रेघेला हात घालावा. आणि तीही एका दमात नव्हे, लहान लहान तुकड्यांनी जोडत आणावी. बिघडले तर सगळे पुसू नये. कापसाच्या काडीला किंचित क्रीम लावून कड तेवढी दुरुस्त करावी. मला जमायला तीन आठवडे लागले, आणि आजही रोज जमतेच असे नाही.

ही शेवटची सूचना मनाशी घोकताना लक्षात आले, की निबंध तपासताना मी विद्यार्थ्यांना असे काही कधी सांगितलेलेच नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एक हेतू मानला, आणि अभ्यास म्हणजे जाणकाराकडून शिकून पुनःपुन्हा करणे, हेही सांगितले. आपण हे फळ्यावर लिहितो, परीक्षेत विचारतो, आणि पहिल्या खेपेस फसलेल्या कवितेला ‘प्रतिभा नाही’ म्हणून मोकळे होतो. अभ्यास हा शब्द आपण पाठांतरापुरता उरवला आहे. सहजता म्हणजे श्रमांचा अभाव, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात आपणच रुजवला. श्रम मुरल्यावर उरते ती सहजता, हे सांगितले नाही.

बरे, आपल्याला शृंगारसाधनेचे वावडे आहे म्हणावे तर तेही खरे नाही. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरावर डोळ्यांत अंजन घालणारी सुरसुंदरी हजारएक वर्षे उभी आहे. तिच्यापुढे आपण सौंदर्यशास्त्राच्या भाषेत बोलतो. बालगंधर्वांच्या वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हे कौतुकाने शिकवतो. पुरुषाने स्त्रीरूप साधले तर ती साधना. मुलीने स्वतःच्या डोळ्यावर रेघ साधली तर तो उनाडपणा! आमच्या आज्या मेण लावून त्यावर कुंकवाचा वाटोळा टिळा रेखत. ते निव्वळ हाताचे कौशल्य होते, पण त्याला संस्कार म्हटले गेले; आणि नवरा गेला की हात तसाच कुशल असूनही ते त्यांच्याकडून काढून घेतले गेले. स्त्रीने कोणती रेघ कधी काढावी हे ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. स्टाफरूममधले हसू त्याच सवयीचे सभ्य रूप होते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. प्रसाधनाचा बाजार स्त्रीच्या न्यूनगंडावर जगतो, असे स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात, आणि ते खोटे नाही. ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडावे लागले. पण गोरेपणाचे क्रीम आणि ही काळी रेघ यांत भेद करायला हवा. क्रीम सांगते, तू आहेस ती पुरेशी नाहीस. आणि आपण लावलेले आहोत हे लपवते. रेघ काही लपवत नाही. ती काढलेली आहे हे उघड दिसते, कवितेतला अलंकार उघड दिसतो तसे. नोकरीसाठी वा लग्नासाठी कुणावर तिची सक्ती होत असेल तर तिला विरोधच केला पाहिजे. परंतु बाजाराला विरोध करायचा तर तो बाजाराला करावा. पापणीवर हात स्थिर ठेवू पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीची टवाळी करणे हा त्या विरोधाचा सोपा आणि भित्रा मार्ग झाला.

समाजाच्या डोळ्यांत अंजन घालण्याची आपल्या समीक्षेला भारी हौस. गुरूच्या हाती ज्ञानांजनाची शलाका कल्पिणारी परंपरा आपण अभिमानाने सांगतो. ती शलाका कुणाच्या तरी डोळ्याजवळ न्यायची तर आपला हात थरथरता उपयोगी नाही आणि समोरच्याची चूक पाहून हसणे तर नाहीच, एवढे भान त्या रूपकात गृहीत आहे.

त्या मुलीचा निबंध मी ‘ठीक’ असा शेरा मारून परत केला होता. तो पुन्हा मागून घेतला. कुठले वाक्य ठेवायचे, कुठली कड दुरुस्त करायची, हे समासात लिहिले. तिने तो दोनदा पुन्हा लिहून आणला. दुसऱ्या वेळी मी विचारले, ‘‘दोन्ही डोळे सारखे कसे गं जमवतेस?’’ ती म्हणाली, ‘‘अजून कुठे जमतंय, मॅडम!’’ आणि हे सांगताना ती जराही ओशाळली नाही.

सहकाऱ्यांशी यावर अजून बोललेले नाही. ते हा लेख वाचतीलच.