खुर्ची दिली, पंप दिला का?

अपंगांना चाकाची खुर्ची भेट देण्याचे समारंभ होतात. माझे म्हणणे असे, की सोबत हवेचा पंप आणि पाना दिल्यावाचून ती भेट पुरी होत नाही.

कारण साधे आहे. अशा पुष्कळ खुर्च्यांचा ब्रेक म्हणजे एक तरफ. तिचे टोक सरळ टायरवर दाबते. टायरमधली हवा उतरली, की पकड सुटते. ब्रेक लावलेला दिसतो, पण खुर्ची घरंगळते! शिवाय हा ब्रेक उभी खुर्ची धरून ठेवण्यासाठी असतो, धावती थांबवण्यासाठी नव्हे.

प्रवरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या श्रीरामपूर भागातली काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी चिकटते, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती माती, दोरे, केस गुंततात. चाक अचानक अडले, तर बसणारा पुढे पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा आस पुसावा, ढिले नट आवळावेत. पंक्चर तर सायकलवालाही काढील.

तीव्र उतारावर मदतनीसाने स्वतः खालच्या बाजूस राहून खुर्ची उलटी उतरवावी. शाळेच्या पायऱ्यांशेजारचा उतार १ फूट उंचीला निदान १२ फूट लांब हवा. त्याहून उभा बांधून "सोय केली" म्हणणे मला पटत नाही. तुमच्या शाळेतला मोजून पाहा. फूटपट्टी आणि दोरी पुरे.