विश्लेषण : खालिद जमील यांची निवड योग्यच, पण लीगचं काय?

भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी अखेर खालिद जमील यांची निवड झाली. शर्यतीत स्टीफन कॉन्स्टन्टाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविचही होते. सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तब्बल 13 वर्षांनी हे पद भारतीयाकडे आलं आहे.

पैसे वाचवण्यासाठी देशी प्रशिक्षक घेतला, असं काहींचं म्हणणं. असेलही. पण आदल्या मोसमात आय-लीगमधून खाली घसरलेल्या आयझॉलला 2016-17 मध्ये थेट विजेतेपद मिळवून देणारा माणूस नुसता ‘स्वस्त पर्याय’ कसा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जमील यांचे संघ आधी बचाव सांभाळतात. आपलं दुखणं मात्र गोल न होण्याचं! बांगलादेशशी घरच्या मैदानावर 0-0, हाँगकाँगकडून 0-1. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलवावं लागलं, ते याचसाठी.

तरीही निवड पटते. मानोलो मार्केझ एफसी गोवा आणि भारत अशा दोन दगडांवर पाय ठेवून होते. 8 सामन्यांत एकच विजय मिळाला. जमील यांना इथले खेळाडू, त्यांच्या मर्यादांसकट, ठाऊक आहेत.

खरी अडचण वेगळीच. फेडरेशन आणि एफएसडीएल यांच्यातला करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता, म्हणून आयएसएलचा नवा मोसम अडकला होता. खेळाडू सामनेच खेळणार नसतील, तर प्रशिक्षकाने निवड कशावरून करायची? ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरशी दोन सामने होते आणि गटातून आशिया चषकाला एकच संघ जाणार होता.