काठ, कड आणि ओव्हरलॉक

तंजावूरच्या राजवाड्यात दुसरे सरफोजी महाराज यांचा संगमरवरी पुतळा आहे. महाराज १८३२ साली निवर्तले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४६ साली, अमेरिकेत एलियास हौ यांनी दोन दोऱ्यांच्या शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. अर्थात महाराजांचे अंगरखे हातानेच शिवलेले असणार. राणीवशातील नऊवारी लुगड्यांना तर शिवणीची गरजच नव्हती. मागावर आडवा धागा काठापाशी वळून परत फिरतो, म्हणून काठाच्या दशा सुटत नाहीत. कापडाला कात्री लागली की मात्र धागे मोकळे होतात.

येथेच दोन यंत्रांतील भेद ध्यानी येतो. घरातील साध्या यंत्रात सुईचा दोरा वरून व बॉबिनचा दोरा खालून येऊन दोघांची गाठ कापडात पडते. हा टाका सरळ व मजबूत असतो. तथापि तो फारसा ताणला जात नाही, आणि कापलेली कड उघडीच राहते.

ओव्हरलॉक यंत्रात बॉबिन नसते. सुईच्या दोऱ्याशी लूपर नावाचे दोन आकडे आणखी दोन दोरे गुंफतात आणि कडेला वेढा घालतात. सुईपुढचे पाते तत्पूर्वीच कड नीट छाटते. मागावरील आडवा धागा काठाला जे करतो, जवळजवळ तेच काम हे दोरे कापलेल्या कडेला करतात. ही वीण ताणली जाते, म्हणूनच बनियनसारख्या विणलेल्या कापडाला ती मानवते.

मग साधे यंत्र काढून टाकावे काय? मुळीच नाही. काजे करणे, खिसा लावणे, चेन बसविणे ही कामे ओव्हरलॉकवर होत नाहीत. शिवाय पात्याने छाटलेले कापड परत येत नाही. म्हणून बेतताना शिवणीसाठी पुरेसे कापड सोडावे.

वाचकहो, घरापुरते शिवायचे असल्यास पैसे प्रथम साध्या यंत्रातच घालावेत. शिवण दुमडून पुन्हा एकदा शिवली की कच्ची कड आत झाकली जाते, किंवा शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घेता येते. शिवणकाम हे उपजीविकेचे साधन करावयाचे असेल, तर मात्र दुसरे यंत्र अवश्य घ्यावे. शिवलेले कपडे चार धुण्यांत उसवू लागले, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.