नोकरी विकत मिळत नसते

२०२३ साली आमच्या धर्मग्रामाच्या सणाचा मंडप परदेशी नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका दलालाने स्वखर्चाने उभारून दिला. मंडपाच्या प्रवेशद्वारावर त्याचा फलक होता. फलकावर इंग्लंडचा ध्वज होता, विमान होते आणि 'संपूर्ण कुटुंबासह' हे दोन शब्द सर्वांत ठळक अक्षरांत होते. मिस्सा संपल्यावर वेदीवरून त्याचे जाहीर आभार मानले गेले. ते आभार मानणारे आम्हीच होतो. प्रस्तुत लेख त्या आभारांचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही लिहीत आहोत.

त्याच वर्षी त्याच दलालामार्फत आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब इंग्लंडला गेले. पत्नीला वृद्धांच्या शुश्रूषेचे काम, तिच्या व्हिसाच्या आधारे पतीलाही काम करण्याची मुभा, दोन्ही मुलांना सरकारी शाळा, असे ते सुरेख चित्र होते. या चित्राची किंमत दलालाने बावीस लाख रुपये सांगितली. विहिरीलगतचा वडिलोपार्जित वाडीचा तुकडा विकला गेला, अपुरी रक्कम सोने गहाण ठेवून उभी केली गेली. निघण्याच्या आदल्या रविवारी त्या चौघांना वेदीपुढे उभे करून आम्ही आशीर्वाद दिला.

तेथे पोहोचल्यावर आठवड्याचे पूर्ण तास कागदावरच राहिले. हाती आले ते कधी आठ तास, कधी बारा. पाच महिन्यांनी परदेशी कामगार आणण्याचा त्या मालकाचा परवानाच तेथील सरकारने काढून घेतला. मग पत्र आले : साठ दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधा, अन्यथा देश सोडा. त्या माउलीने किती दारे ठोठावली असतील, याची गणती तिलाच ठाऊक. दार उघडले नाही. थोरल्याचे शाळेचे वर्ष तिकडेही पुरे झाले नाही आणि इकडेही बुडाले. आज ते कुटुंब आपल्याच गावात भाड्याच्या खोलीत राहते. खोलीच्या खिडकीतून विकलेली वाडी दिसते. मंदिराच्या पायरीवर बसून त्या पतिपत्नींनी ही सारी हकिकत आम्हांला सांगितली आणि इतरांच्या हितासाठी ती लिहिण्यास अनुमती दिली. त्यांनी आम्हांला बोल लावला नाही. पती एवढेच म्हणाला, "फादर, तुम्ही त्याचे आभार मानलेत, म्हणून आम्हांला वाटले, माणूस चांगला असेल."

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. परदेशगमनाला आमचा विरोध नाही. वसईच्या कित्येक घरांतील चुली आखाती देशांतल्या घामावर पेटत राहिल्या. बहिणींची लग्ने, भावांची शिक्षणे, म्हाताऱ्यांची औषधे त्या घामातून झाली. कॅनडात, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आपली माणसे प्रतिष्ठेने राहत आहेत. नाझरेथचे पवित्र कुटुंबदेखील एके काळी रातोरात परमुलखात गेले होते. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयीच्या आपल्या पत्रात त्याच कुटुंबाला सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हटले. तेव्हा जाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचा आक्षेप एका व्यवहाराला आहे, आणि तो व्यवहार म्हणजे नोकरीची खरेदी.

आम्ही स्पष्टपणे म्हणतो : नोकरी विकत मिळत नसते. जी विकत मिळते ती नोकरी नसते. हे आमचे प्रवचनातले वाक्य नव्हे. ज्या ज्या देशांत आपले लोक जाऊ पाहतात, तेथील कायदे हेच सांगतात. इंग्लंडमध्ये परदेशी कामगार बोलावणाऱ्या मालकाला सरकारला कौशल्य-आकार भरावा लागतो आणि तो कामगाराकडून वसूल करण्यास बंदी आहे. कॅनडात परदेशी कामगाराची गरज सिद्ध करून परवानगी मिळवण्यासाठी मालक एका जागेमागे एक हजार डॉलर भरतो, तेही कामगाराच्या माथी मारता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई केली. आपल्या देशाचे म्हणाल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती दलालाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढीच ठरवून दिली. तीस हजार कोठे आणि बावीस लाख कोठे! मधले एकवीस लाख सत्तर हजार कशाचे होते? त्या पैशाला एकच नाव आहे आणि ते सातव्या आज्ञेत आलेले आहे.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : "सगळेच देतात, फादर." खरे आहे, पुष्कळजण देतात. परंतु पुष्कळांनी दिले म्हणून लाच फी होत नाही. शिवाय या खरेदीने सचोटीच्या माणसाचेही नुकसान होते. कॅनडाच्या 'एक्सप्रेस एंट्री' या निवडपद्धतीत मालकाच्या नोकरीपत्राला पन्नास किंवा दोनशे जादा गुण मिळत असत. अशी पत्रे पैसे घेऊन विकली जाऊ लागली. अखेर २५ मार्च २०२५ पासून कॅनडा सरकारने ते गुणच रद्द केले. ज्याने खऱ्या गुणवत्तेवर खरी नोकरी मिळवली होती, त्याचेही गुण गेले. खोट्याचा बाजार भरला की खऱ्याचे दुकान आधी उठते.

दुसरा युक्तिवाद अधिक जिव्हाळ्याचा, म्हणून अधिक घातक : "माणूस आपल्यातलाच आहे." तो आपल्याच मंदिरात गुडघे टेकतो, त्याची आई आपल्या आईबरोबर रोझरी म्हणते, मग तो आपल्याला कसा फसवील? वाचकहो, परका माणूस आपल्याकडे पावती मागितल्याशिवाय पैसा नेऊ शकत नाही. आपला मात्र नेऊ शकतो. श्रद्धेचे नाते व्यवहारात तारण म्हणून ठेवायचे नसते. आमच्या आभारांची त्याला गरज का होती, हे आम्हांला तेव्हा उमगले नाही. तो मंडपाचा खर्च करत नव्हता, तो आमची साक्ष विकत घेत होता.

तिसरा युक्तिवाद आमच्यावरच असतो : "फादर, तुम्हांला ना संसार, ना मुले. येथे राहून मुलांचे काय होणार, हे तुम्हांला काय कळणार?" हा टोला आम्ही नम्रपणे स्वीकारतो. परंतु मुलांसाठीच जायचे असेल, तर मुलांना त्या व्हिसावर राहता येईल का, हे आधी पाहायला नको काय? 'संपूर्ण कुटुंबासह' हे शब्द फलकावर रंगवणे सोपे असते. राज्यकर्ते मात्र ते एका रात्रीत पुसून टाकतात. इंग्लंडने फेब्रुवारी २०२२ मध्ये शुश्रूषा कर्मचाऱ्यांसाठी दार उघडले. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या अशा कर्मचाऱ्यांना पतीपत्नी किंवा मुले आणण्यास बंदी केली आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवली. कुशल कामगारांसाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला ३८,७०० पौंडांवर आणि त्याच २२ जुलैला ४१,७०० पौंडांवर गेली. कॅनडात पूर्वी पत्नीने कोणत्याही महाविद्यालयात नाव घालावे आणि पतीने खुला कामाचा परवाना घ्यावा, अशी वाट रुळली होती. २१ जानेवारी २०२५ पासून ती सोय प्रामुख्याने किमान सोळा महिन्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, डॉक्टरेटच्या आणि काही निवडक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांपुरतीच उरली. अमिरातीत कुटुंबाला बोलावू इच्छिणाऱ्याला महिन्याला चार हजार दिऱ्हाम, किंवा तीन हजार आणि राहण्याची जागा, एवढे वेतन दाखवावे लागते. दलालाचा फलक या तारखांनुसार बदलत नाही. वाडी विकण्याची तारीख तेवढी आपण बदलू शकतो.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतात. तो आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो, न केल्यास अर्धवट पाया पाहून लोक हसतात. परदेशी जाणाऱ्या कुटुंबाने या दाखल्याप्रमाणे आधी खाली बसावे. हिशेबाचा क्रम असा असावा : काम आधी, व्हिसा नंतर, पैसा सर्वांत शेवटी, आणि तोही पावतीवर. दलाल हा क्रम नेमका उलटा करतो. पैसा आधी, व्हिसा नंतर, आणि काम? ते तेथे गेल्यावर पाहू!

पहिला प्रश्न मालकाचा. मालक कोण, त्याला परदेशी कामगार आणण्याचा परवाना आहे का? इंग्लंडच्या सरकारची परवानाधारक मालकांची यादी संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. घरातला दहावीतला मुलगाही ती उघडून दाखवील. दुसरा प्रश्न मध्यस्थाचा. आपल्याकडील दलालाची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत आहे का? कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणारा तेथील अधिकृत सल्लागारांच्या किंवा वकिलांच्या नोंदवहीत आहे का? तिसरा प्रश्न कुटुंबाचा. या व्हिसावर जोडीदाराला येता येते का, काम करता येते का, मुलांना सोबत राहता येते का? चौथा प्रश्न संकटाचा. काम सुटले तर किती दिवस राहता येईल आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कोणाकडे असतील? पाचवा प्रश्न पैशाचा. व्हिसाची फी, आरोग्य-अधिभार, भाषेची परीक्षा, पदव्यांची पडताळणी, विमानाचे तिकीट हे खर्च रास्त आहेत आणि प्रत्येकाची छापील पावती मिळते. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती रक्कम देऊ नये. आणि पर्यटकाच्या व्हिसावर जा, काम तेथे मिळेल, असे जो सांगतो, त्याच्या घरची पायरी पुन्हा चढू नये. उद्या सापडलात तर गुन्हेगार तुम्ही ठरता, तो नव्हे.

आता आमच्याकडे, म्हणजे ख्रिस्तसभेकडे वळतो. १९१८ साली वसईत कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली, ती एका धर्मगुरूच्या पुढाकाराने. आपला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहू नये, ही त्यामागची तळमळ होती. पुढे बिल्डरांच्या तावडीतून ही हिरवी भूमी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ झाली, तेव्हाही धर्मगुरू रस्त्यावर उतरले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्यासाठी धमक्या सोसल्या. आणि आम्ही काय केले? जी वाडी पूर्वजांनी सावकाराच्या हाती जाऊ दिली नाही, वडीलधाऱ्यांनी बिल्डरच्या हाती जाऊ दिली नाही, ती व्हिसाच्या दलालाच्या हाती जाताना आम्ही वेदीवर उभे राहून पवित्र पाणी शिंपडले! नवा सावकार टेबलामागे संगणक घेऊन बसतो, म्हणून आम्हांला तो ओळखता आला नाही.

तिकडे स्थिरावलेल्या आमच्या बंधुभगिनींनाही एक शब्द. तुम्ही बर्फाची छायाचित्रे पाठवता, नव्या मोटारीची पाठवता. तळघरातल्या खोलीची, दोन पाळ्यांच्या कामाची, इंजिनियर असून गोदामात उचललेल्या खोक्यांची छायाचित्रे पाठवत नाही. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, नाझरेथचा सुतारही हातानेच काम करत होता. परंतु तुमच्या मौनाचा दलालाला मोठा आधार होतो. गावातला तरुण तुमचे छायाचित्र पाहून वाडी विकतो. त्याला खरे सांगा. खरे ऐकूनही तो आला, तर तो तयारीनिशी येईल.

पोप फ्रान्सिस यांच्या २०२३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशाचे सूत्र असे होते की, माणसाला जाण्याचे वा राहण्याचे स्वातंत्र्य हवे. कर्जाच्या ओझ्याखाली निघालेला माणूस स्वतंत्रपणे जात नाही. तो छळ सोसतो, पण मालकाला सोडू शकत नाही, कारण गावी सोने गहाण असते. ज्याने नोकरी विकत घेतली, त्याने स्वतःलाच गहाण टाकले.

म्हणून आमच्या धर्मग्रामापुरते आम्ही काही निर्णय घेतले आहेत. मंदिराच्या आवारात कोणत्याही भरती दलालाचा फलक लागणार नाही. वेदीवरून कोणाही देणगीदाराचे आभार मानण्यापूर्वी तो पैसा कोठून आला, हे आम्ही विचारू. परदेशातून परतलेल्या तिघाचौघांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात बसण्याचे मान्य केले आहे. ज्याच्या हाती नेमणूकपत्र पडले असेल त्याने ते घेऊन यावे, एक पैसाही देण्यापूर्वी यावे. इंग्रजी कागद कळत नाही याची लाज वाटू देऊ नये. त्या तिघाचौघांमध्ये त्या परतलेल्या कुटुंबातील ती माउलीही असेल. तिने स्वतःहून येण्याची तयारी दाखवली आहे.

येत्या सणाचा मंडप लहान असेल. खुर्च्या कमी पडल्या तर आमच्या तरुणांनी उभे राहावे, आम्हीही त्यांच्यासमवेत उभे राहू. तो मंडप आपल्या वर्गणीचा असेल आणि त्याच्या दारावर आपल्या आश्रयदात्या संताखेरीज दुसऱ्या कोणाचेही नाव नसेल.